मिनी पोकलेनने पडीक जमिनीवरची झाडं काढताना: आधी मुळं, मग झाड

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोनेक एकरांचा तुकडा बरीच वर्षं पडीक राहिल्यामुळे झाडाझुडपांनी भरून गेला आहे. मनगटाएवढ्या रोपट्यांपासून 40 सेंटिमीटर जाडीच्या झाडांपर्यंत सगळं आहे. मोठं मशीन आत जाईल अशी वाट नाही. तीन-साडेतीन टनी मिनी पोकलेन भाड्याने आणून, स्वतः चालवायला शिकून, हे काम उरकेल का? आणि झाड आधी करवतीने कापायचं की मशीननेच पाडायचं?

उरकेल. पण ते उरकतं की अर्धवट राहतं हे दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, म्हणून आधी तोच घेतो.

मिनी पोकलेनची ताकद खणण्यात आहे, ढकलण्यात नाही. साडेतीन टनी मशीनच्या बकेटच्या दातांवर साधारण तीन टनांचा जोर येतो, आणि बकेट अरुंद असेल तर तो सगळा दोन-चार दातांवर एकवटतो. तेवढा जोर मुळाच्या खालून लागला की मनगटाएवढं मूळ तुटतं. तेच मशीन बूम, म्हणजे मशीनचा मुख्य हात, उंच करून, बकेट खोडाला टेकवून ढकलायला लागलात तर झाड हलायच्या आधी मशीन मागे घसरतं, नाहीतर पुढून उचललं जातं. वीस टनी मशीन उभी झाडं भराभर उलथवत चाललंय असे व्हिडिओ पाहून लहान मशीनकडून तीच अपेक्षा केली की दिवस नुसता झटापटीत जातो. शिवाय सांध्यांतल्या पिना, बुश आणि मशीनमालकाशी असलेले संबंध झिजतात ते वेगळंच.

म्हणून क्रम असा: आधी मुळं सोडवायची, मग झाड आडवं करायचं. आणि करवत वापरायची असेल तर बुंधा जमिनीलगत कापायचा नाही. नवखा माणूस नेमकं इथेच फसतो. आधी करवतवाला बोलावून सगळी झाडं सपाट कापून घेतो, लाकूड विकतो आणि मग मशीन आणून खुंट काढायला बसतो. जमिनीलगत कापलेल्या खुंटाला धरायला काही उरलेलं नसतं, त्यामुळे त्याच्याभोवती नुसतं खणत राहावं लागतं. दीड मीटर उंच खुंट ठेवला आणि त्याच्या टोकाला जोर दिला, तर 30 सेंटिमीटरवर दिलेल्या तेवढ्याच जोराच्या पाचपट पीळ मुळांवर पडतो. ही तरफ फुकट मिळते आहे, ती कापून टाकू नका.

मग कुठलं झाड अख्खं उपटायचं आणि कुठलं आधी कापायचं? माझा ठोकताळा असा. 10 सेंटिमीटरपर्यंतचं रोपटं बकेट आणि थंब (बकेटसमोर बसवलेली, अंगठ्यासारखी पकडायची नखी) यांच्या चिमटीत बुडाशी पकडून सरळ वर ओढायचं. 10 ते 20 सेंटिमीटरचं झाड, फार उंच नसेल आणि पलीकडे मोकळी जागा असेल, तर अख्खंच ठेवून मुळं तोडायची. त्याचं स्वतःचं वजनच त्याला आडवं पाडायला मदत करतं. त्याच्या पुढच्या जाडीला मात्र झाड आधी करवतीने पाडायचं आणि छातीएवढा खुंट ठेवायचा. साडेतीन टनी मशीनला 25 सेंटिमीटरपर्यंतचं काम सुखाचं, 30-35 चं घाम काढणारं, आणि 40 म्हणजे तासन्‌तास खणणं. जाडी मोजायला छातीच्या उंचीवर टेपने घेर घ्या आणि 3.14 ने भागा. 94 सेंटिमीटर घेर म्हणजे 30 सेंटिमीटर जाडी. नजरेच्या अंदाजाने सगळेच कमी धरतात. जाडी दुप्पट झाली की खोडाचा छेद चौपट होतो आणि मुळांचा पसाराही त्याच मापाने वाढलेला असतो, तेव्हा "थोडंसंच जाड आहे" या शब्दांवर विश्वास ठेवू नका.

मशीन निवडताना टनेजपेक्षा पुढे काय जोडलेलं आहे ते आधी विचारा. हायड्रॉलिक थंब नसलेलं पाच टनी आणि थंब असलेलं साडेतीन टनी यांत मी या कामाला डोळे झाकून दुसरं घेईन. थंबशिवाय फांद्या आणि खुंट उचलणं म्हणजे एका काडीने भात खाणं. दुसरी गोष्ट बकेट. भाड्याच्या मशीनला कधी कधी माती ओढायची रुंद, बिनदाती बकेट लावून देतात. ती नको. 30 सेंटिमीटरच्या आसपासची, चांगले धारदार दात असलेली अरुंद बकेट मागून घ्या. एकच नखी असलेला रिपर मिळाला तर फारच उत्तम. मुळं शोधून तोडायला त्याच्यासारखं काही नाही. झाडं चिरडून भुगा करणारं मल्चर हेड जोडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. या आकाराचं मशीन जोडसाधनं फिरवायला मिनिटाला साधारण 60 लिटरपर्यंत हायड्रॉलिक तेल देतं. तेवढ्यावर चालणारी मल्चर हेड झुडपांपुरतीच असतात, झाडांचं काम त्यांच्याकडून होत नाही. शिवाय खुंट जमिनीतच राहतो.

मशीन येण्याआधी जमीन पायी फिरून घ्या, आणि ती नुसती बघायची नाही, खुणा करत फिरायची. ठेवायची झाडं एका रंगाच्या फितीने, काढायची दुसऱ्या. जुनी विहीर, पाण्याची पाइपलाइन, जमिनीखालची केबल, तारेच्या कुंपणाचे गवतात बुडालेले तुकडे हे सगळं झुडपात लपलेलं असतं. तारेचा तुकडा ट्रॅकच्या चाकात गुंतला तर पुढचा तासभर पक्कड घेऊन मशीनखाली आडवं पडायची तयारी ठेवा. वरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्या टप्प्यातल्या झाडांना हात लावू नका, ते काम वीज कंपनीच्या माणसांचं. झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी तोडायला परवानगी लागते अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. हद्दीवरच्या झाडाचा मालक कोण हा प्रश्न तर झाड पडल्यावरच उपटतो. दोन्ही गोष्टी कागदावर आधी मिटवा. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असेल तर तेवढा काळ थांबणं बरं.

आता मुळांविषयी. झाड जेवढं वर तेवढंच खाली, हा समज चुकीचा आहे. बहुतेक झाडांची बहुतांश मुळं वरच्या 60 सेंटिमीटर मातीत असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर. सोटमूळ लहान झाडात ठळक असतं. मोठ्या झाडाला बुडाजवळची पाच-सात जाड आडवी मुळं आणि त्यांच्यापासून खाली उतरलेली काही मुळं धरून ठेवतात. कठीण मुरूम किंवा खडक वर असेल तर मुळांचा नुसता पसरट गड्डा असतो आणि झाड आश्चर्य वाटावं इतक्या सहज उलटतं. खोल, भुसभुशीत जमिनीत मात्र तेवढ्याच जाडीचं झाड दमवतं. एक झाड काढून पाहिलं की जमिनीचा स्वभाव कळतो. म्हणून पहिलं झाड मध्यम जाडीचं आणि सर्व बाजूंनी मोकळं असलेलं निवडा.

समजा खुंट 28 सेंटिमीटर जाडीचा आहे आणि छातीएवढा उभा आहे. मशीन त्याच्या समोर, सपाटीवर लावा. ब्लेड, म्हणजे मशीनपुढचं माती सारायचं पातं, खुंटाच्या बाजूला आणि जमिनीत घट्ट टेकवलेलं, ट्रॅक फिरवणाऱ्या मोटरी मागच्या बाजूला. बुंध्यापासून पाऊणेक मीटर अंतर राखून आधी तुमच्या बाजूला चर घ्या, बकेटभर रुंद आणि 50-60 सेंटिमीटर खोल. मूळ लागलं की हाताला कळतं: बकेट अडते, इंजिनचा आवाज खाली बसतो. तिथेच जोर लावत बसू नका. दात मुळाच्या खाली घाला, बकेट आत वळवा आणि मूळ वरच्या दिशेने तोडा. बहुतेक मुळं टक्‌कन तुटतात. एखादं दंडाएवढं मूळ ऐकत नसेल तर त्याच्या दोन्ही अंगांची माती काढून ते उघडं करा आणि बुंध्यापासून थोडं दूर, जिथे ते बारीक होत गेलं आहे तिथे तोडा. मूळ बुंध्याजवळ सगळ्यात जाड असतं, हात-दीड हात पलीकडे निम्म्यावर आलेलं असतं. कुऱ्हाडीने तोडायची वेळ आली तर बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मगच माणूस खड्ड्यात उतरू द्या. चेनसॉ मात्र मातीत घालू नका, दोन मिनिटांत साखळीची धार जाते.

मग मशीन हलवून डावी बाजू, तशीच उजवी. तीन बाजू मोकळ्या झाल्या की खुंटाच्या टोकाला बकेटची पाठ टेकवून पलीकडे रेटा, सोडा, पुन्हा रेटा. या वेळी खुंटाकडे नाही, जमिनीकडे बघायचं. खुंट हलला की भोवतीच्या मातीत भेग उमटते आणि गोल फिरत जाते. ती भेग जिथे अडते तिथे एक मूळ अजून धरून आहे. तिथेच चार बकेट आणखी खणा. आंधळेपणाने सगळीकडे खोल जाण्यापेक्षा भेगेच्या मागे गेलेलं केव्हाही चांगलं. शेवटी गड्डा पलीकडे कलतो, तेव्हा त्याच्या खाली दात घालून खालची मुळं तोडायची आणि थंबने धरून उचलायचा. खुंट हट्टी असेल तर चौथ्या बाजूला जाऊन तिथेही चर घ्या. मशीन इकडून तिकडे नेण्यात पाच मिनिटं जातात, रेटारेटीत पाऊण तास.

काही सवयी सुरुवातीपासूनच लागू देऊ नका. पहिली म्हणजे स्विंग करून, म्हणजे वरचा भाग गोल फिरवून, खुंटाला आडवे तडाखे देणं. स्विंगची मोटर आणि बूमच्या पिना या जोरासाठी बनवलेल्या नाहीत. तसंच बकेट अडकवून ट्रॅकने मागे ओढत राहणं. आणि आर्म (बूमच्या पुढचा हात) किंवा बकेटचा सिलिंडर पूर्ण बाहेर आलेल्या अवस्थेत मशीन मागे रेटणं. यातलं काहीही केलं तरी त्या दिवशी मशीन चालतं. बिल नंतर येतं.

मुळं तोडून अख्खं झाड आडवं करता तेव्हा नियम वेगळे. अशा झाडाला कधीही स्वतःकडे ओढायचं नाही. पलीकडेच रेटायचं, आणि रेटतानाही शेंड्याकडे डोळा ठेवायचा. झाड पलीकडे कललं की मुळांचा गड्डा तुमच्या बाजूने वर येतो. ट्रॅकचं टोक त्या गड्ड्यावर असेल तर मशीनची पुढची बाजू त्याच्याबरोबर उचलली जाते. साडेतीन टनी मशीन मागच्या उतारावर उभं असेल तर उलटायला तेवढं पुरे. म्हणून मुळांच्या पसाऱ्यावर मशीन चढवायचं नाही, आणि झाड जायला लागलं की बकेट सोडून मागे यायचं. आणखी दोन इंच रेटायचा मोह तिथे आवरायचा.

मेलेलं झाड सगळ्यात धोक्याचं. जिवंत झाड धक्का झेलतं, वाकतं. वाळलेलं झाड धक्क्याने मधोमध मोडतं आणि वरचा तुकडा मागे, म्हणजे तुमच्या डोक्यावर येतो. पोकळ झालेलं, बुडाशी अळंबी आलेलं, साल सुटलेलं झाड मशीनने रेटू नका. वेलींनी शेजारच्या झाडाशी बांधलेलं झाडही तसंच: तुम्ही एक पाडता आणि वेल दुसऱ्याची मोठी फांदी घेऊन येते. वेली आधी बुडाशी तोडून ठेवा, तरी वरचं जाळं तसंच असतं हे लक्षात असू द्या. दोन झाडांमध्ये अडकून राहिलेलं झाड खालून मोकळं करायला माणूस कधीही पाठवू नका. ते लांब दोराने, बुडाकडून मागे ओढून सोडवायचं.

केबिनवर भिस्त ठेवण्याआधी तिच्यावरची पाटी वाचा. 6 टनांपर्यंतच्या मिनी पोकलेनवर बहुधा मशीन कुशीवर कलंडलं तर आतल्या माणसाला वाचवणारा सांगाडा असतो, त्याला टॉप्स म्हणतात. वरून पडणाऱ्या वस्तूंपासून वाचवणारं छत, म्हणजे फॉप्स, हा वेगळा प्रकार आहे आणि तो प्रत्येक मशीनवर असतोच असं नाही. चार खांबांवरचं उघडं छत असलेल्या मशीनवरून मी तरी झाडं काढणार नाही. बाजूने घुसणारी फांदी ही नेहमीची गोष्ट आहे. काच असलेली बंद केबिन घ्या, पुढे जाळी मिळाली तर लावून घ्या. सीटबेल्ट तर लावायचाच. मशीन कलंडताना उडी मारणारा माणूस बहुधा त्याच्याच खाली येतो. मदतनीस असेल तर पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभा राहील. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, कारण इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही.

चेनसॉच्या कामाबद्दल इथे जुजबीच सांगतो, कारण ते वाचून शिकायचं काम नाही. पडायच्या बाजूला खाच, मागून काप, आणि दोन्हींच्या मध्ये झाडाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी न कापलेली लाकडाची पट्टी, जी बिजागरीसारखी झाडाला दिशा देते. पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकी मागे, आणि ती आधीच साफ केलेली. एवढं ज्याला सहज जमत नाही त्याने 20 सेंटिमीटरच्या वरची झाडं सराईत करवतवाल्याकडून पाडून घ्यावीत आणि त्याला दहा वेळा बजावून सांगावं: खुंट छातीएवढा. करवत चालू असताना शेजारून पोकलेनने झाड रेटून धरायची पद्धत सर्रास दिसते. ऑपरेटरला करवतवाल्याचे हात दिसत नाहीत आणि करवतवाल्याला बकेट कधी हलणार ते कळत नाही. झाडाला दिशा द्यायची असेल तर झाडाच्या उंचीपेक्षा लांब दोर लावा आणि माणूस दूर गेल्यावर ओढा.

खरा वेळ झाडं काढण्यात जात नाही, आवरण्यात जातो. ओलं लाकूड घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो भरतं. 30 सेंटिमीटर जाडीचा, 4 मीटर लांबीचा ओंडका म्हणजे जवळजवळ पाव टन. तसाच 60 सेंटिमीटरचा ओंडका टनाच्या आसपास जातो. हात लांब करून आडव्या बाजूला असा ओंडका उचलणं म्हणजे मशीन कलंडवायची तयारी. केबिनमध्ये बहुधा वजनाचा तक्ता लावलेला असतो, त्यात पुढच्या बाजूचे आणि आडव्या बाजूचे आकडे वेगळे असतात, ते बघा. ओंडके छोटे कापा, हात जवळ घ्या, ओझं जमिनीपासून हातभरच वर ठेवून चाला.

ढीग कुठे करायचे हे पहिलं झाड काढायच्या आधी ठरवायचं. प्रत्येक वस्तू एकदाच उचलली जावी. आज इथे, उद्या तिथे असं झालं की भाडं तीच फांदी तीनदा उचलण्यात जातं. मी रस्त्याजवळून आत एक सरळ पट्टा आधी मोकळा करतो, मग त्याच्या दोन्ही अंगांनी आत सरकत जातो. मागे वळून निघायची वाट नेहमी मोकळी राहते आणि ओंडक्यांची गाडीही त्याच वाटेने येते. तीन ढीग: कामाचं लाकूड, फांद्या, खुंट. फांद्या सगळ्या एका दिशेने, बुडं एकीकडे करून लावल्या तर ढीग निम्मा होतो. खुंटांच्या ढिगात फांद्या मिसळल्या की दोन्ही वाया, कारण खुंटाबरोबर माती येते.

ही माती हलकी समजू नका. एका मध्यम खुंटाच्या मुळांत घमेलीच्या घमेली सुपीक वरची माती अडकलेली असते आणि ती तुमच्या जमिनीची आहे. थंबने धरून खड्ड्यावरच खुंट झटका. खाली-वर हलवायचा, आपटायचा नाही. जमीन ओली असेल तर माती सुटणार नाही. मग मुळं वर करून खुंट काही आठवडे उन्हात तसेच पडू द्या. माती वाळते, पावसाच्या एक-दोन सरींनी धुतली जाते, आणि नंतर झटकलं की लाकूड उरतं. जाळायचं असेल तर आधी तिथले नियम पाहा, वारा पाहा, आणि मातीने भरलेला खुंट जाळायचा नाद सोडा. तो धुमसत राहतो, जळत नाही. पुरायचं म्हणाल तर जिथे पुढे घर, रस्ता किंवा टाकी येणार नाही अशाच जागी. पुरलेला खुंट वर्षानुवर्षं कुजत जातो आणि त्यावरची जमीन बसत जाते.

पुढच्या ब्लेडने झुडपं खरवडत जायचा मोह सगळ्यांना होतो. लवकर होतं, दिसतंही साफ. पण त्यात वरची 10-15 सेंटिमीटर माती झुडपांबरोबर ढिगात जाते आणि मागे उरते ती नांगराला न जुमानणारी निबर जमीन. पीक किंवा गवत घ्यायचं असेल तर झुडपं बकेटच्या दातांनी विंचरून काढा, ब्लेड फक्त खड्डे भरायला आणि मशीन स्थिर करायला वापरा. ओल्या जमिनीवर तर मशीन नेऊच नका. माती दबण्याचं बरंचसं नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. पाऊस होऊन वरची जमीन सुकली आहे, पण आत ओल आहे, असे दिवस मुळं काढायला सगळ्यात चांगले.

ठेवायच्या झाडांच्या मुळांवरून मशीन नेऊ नका. खोडाच्या जाडीच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं सोडायचं, असं माप सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या झाडाभोवती 3.6 मीटर. त्या वर्तुळातलं काढायचं झाड असेल तर ते जमिनीलगत कापून खुंट तिथेच राहू द्या. उतारावरही तेच. तीव्र उतारावर मुळं मातीला धरून असतात आणि सगळे खुंट उपटले की पहिल्याच मोठ्या पावसात घळी पडतात. नुसतं कापून ठेवलं तरी मुळं काही वर्षांत कुजतात, म्हणून तोवर तिथे दुसरं काहीतरी रुजलेलं हवं. ओढ्याकाठचा पट्टा तर तसाच सोडा. उतारावर मशीन सरळ वर-खाली न्यायचं, आडवं नाही. आडव्या उतारावर रबर ट्रॅक निसटतो आणि मशीन कलंडायचा धोका असतो तो वेगळाच.

रबर ट्रॅकचा आणखी एक शत्रू म्हणजे तिरके कापलेले छोटे खुंट. कोयत्याने तिरक्या घावात तोडलेलं रोपटं भाल्यासारखं टोक ठेवून जातं. त्यावर मशीन वळवलंत की ट्रॅक चिरतो. मशीनच्या वाटेतलं काहीही कापायचं तर अगदी जमिनीलगत आणि आडवं. ट्रॅकचा ताण रोज सकाळी बघा, ढिला ट्रॅक फांदी आत घेतो आणि उतरतो. उतरलेला रबर ट्रॅक झाडीत चढवणं हे एकट्याचं काम नाही.

मशीनच्या पोटात पाला साठतो, याकडे भाड्याने घेणारे कधी पाहत नाहीत. रेडिएटरच्या जाळीवर बारीक पाने आणि धुळीची गादी बसते, तापमानाचा काटा वर जातो आणि मशीन तापलं म्हणून लोक मालकाला फोन करतात. त्याहून वाईट म्हणजे सायलेन्सरजवळ साठलेला कोरडा पाला. तो पेटतो. दिवसातून दोन-तीनदा इंजिन बंद करून, झाकण उघडून, हाताने आणि ब्रशने तो काढायचा. अग्निशामक सिलिंडर केबिनमध्ये असलाच पाहिजे. बूमवरून जाणारे हायड्रॉलिक होज आणि थंबच्या सिलिंडरचे होज फांद्यांत अडकतात, म्हणून आर्म झाडीत घालताना आणि काढताना सावकाश. पिनांना रोज ग्रीस, या कामात तर दुपारीही एकदा.

खड्डे त्याच दिवशी भरा. उद्यावर टाकलेला खड्डा पाण्याने भरतो किंवा गवताआड जातो आणि मग ट्रॅक त्यात जातो. भरताना आधी आत राहिलेली मुळं वेचून काढा, मग 20-20 सेंटिमीटरचे थर देत बकेटच्या पाठीने दाबा. खालची माती खाली, काळी माती वर. वर हातभर नको, पण वीतभर उंचवटा ठेवा, पावसाळ्यानंतर तो बसतो. ट्रॅक्टर फिरणार असेल तर नांगराच्या खोलीपर्यंत मुळांचे तुकडे निघालेच पाहिजेत.

40 सेंटिमीटरची जी थोडीच झाडं असतील ती मधे लागली तरी वळसा घालून पुढे जा आणि शेवटी घ्या. तोवर आतपर्यंत वाट तयार झालेली असेल, आणि आठ-दहा टनी मशीन एखाद्या दिवसापुरतं आत आणता येईल. छोट्या मशीनने तीन दिवसांत निघणारे खुंट ते दुपारपर्यंत काढतं. ते परवडत नसेल तर जमिनीलगत कापून खुंट यंत्राने खरवडून घ्या, किंवा तसेच कुजू द्या. सगळ्या जमिनीला नांगर लागणार नसतो.

आणि फुटव्यांचं. निलगिरी, सुबाभूळ यांचा खुंट जमिनीत राहिला की त्यावर झुपकाच्या झुपका फुटतो. अख्खा गड्डा निघाला असेल तर त्यांचा प्रश्न बहुधा मिटतो. वेड्या बाभळीचे डोळे बुंध्याच्या जमिनीखालच्या भागावरही असतात, त्यामुळे तिचा बुंधा जमिनीखाली हातभर खोलीपर्यंत निघायला हवा. पॉप्लरसारखी झाडं तर उरलेल्या आडव्या मुळांवरून, मूळ बुंध्यापासून मीटरभर दूरही उगवतात. जिथे खुंट ठेवावाच लागला तिथे कापल्याबरोबर सालीलगतच्या कडेवर तणनाशक लावायचं. मधल्या लाकडाला लावून उपयोग नाही, आणि कापून काही तास गेल्यावर लावलं तर आत शोषलं जात नाही. कुठलं औषध चालतं ते लेबलवर पाहून, पाण्यापासून दूर. पुढच्या दोन पावसाळ्यांत महिन्यातून एक फेरी मारा. गुडघ्याएवढे फुटवे हाताने किंवा कुदळीने मुळासकट निघतात. कमरेच्या वर गेले की पुन्हा पोकलेन.